अरबी समुद्र : वरचा उजेड, तळाचा गाळ

वरळी किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्र मातकट दिसतो. पाण्यात गुडघाभर उतरले की स्वतःची पावले दिसेनाशी होतात. तोच किनारा धरून खाली मालवणला गेले, की थंडीच्या दिवसांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली पुरुषभर पाण्यातले खडक आणि त्यांवरची प्रवाळे होडीत बसून दिसतात. समुद्र एकच आणि ऊनही तेच. फरक पडतो तो तळाच्या गाळामुळे आणि तो गाळ ढवळणाऱ्या ओढीमुळे. खंबातच्या आखातात उधाणाच्या भरतीला पाणी अकरा मीटरांच्या आसपास चढते, मुंबईला साडेचार-पाच मीटर आणि गोव्याकडे जेमतेम दोन-अडीच मीटर. भरती जितकी मोठी तितकी पाण्याची ओढ मोठी. नर्मदा आणि तापी यांनी आणून टाकलेला बारीक गाळ उत्तरेकडे नीट बसतच नाही, बसतो न बसतो तोच पुन्हा उचलला जातो. अशा पाण्यात ऊन दोन-तीन हातांतच विरते. जिथे ऊन पोचत नाही तिथे शेवाळ वाढत नाही, प्रवाळ जगत नाही, आणि त्या काळोख्या पाण्यात वेगळीच जीवसृष्टी नांदते.

हे नाते कोळ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, कारण त्यांचा धंदाच त्यावर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला ओढ वाढते, गाळ उठतो, पाणी गढूळ होते. भांगाला ओढ मंदावते आणि पाणी थोडे निवळते. डोल हे जाळे या ओढीच्याच भरवशावर लावले जाते. तळाच्या चिखलात लाकडी खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखे लांबलचक जाळे बांधायचे, तोंड प्रवाहाकडे ठेवायचे. मासे जाळ्यात आणून भरण्याचे काम पाणी करते. खडकाळ तळावर खुंट बसत नाही आणि मंद प्रवाहात जाळे फुगत नाही. म्हणून डोलीचा मुलूख मुंबई, वसई, अर्नाळा, डहाणू आणि पुढे सौराष्ट्रापर्यंतचा. तिच्यात सापडणारा बोंबील हा याच गढूळ पाण्याचा मासा. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होतो. त्याचे अंग मऊ आणि पाण्याने भरलेले, त्यामुळे तो ताजा टिकत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकतात, आणि दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात ती काठीसारखी कडक होते. गाळाच्या पाण्यात वाढलेला मासा उन्हाने टिकवायचा, हा उत्तर कोकणच्या कोळीवाड्यांचा जुना व्यवहार आहे.

समुद्राचा तळ वाचण्याची गरज दर्यावर्दींनाही होतीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात या किनाऱ्याचे जे वर्णन आहे, ते मुख्यतः पाण्याचे आणि तळाचे आहे. सिंधू नदी इतके पाणी आणते की जमीन दिसण्याआधी बऱ्याच अंतरावर समुद्राचे पाणी गोडे लागते, असे त्यात म्हटले आहे. कच्छच्या रणाकडचे आखात उथळ आहे, तिथे वाळूचे दांडे सरकत असतात आणि किनारा नजरेत नसतानाही जहाजे रुततात. जवळच्या दुसऱ्या आखातात तळ इतका खडकाळ आणि धारदार की नांगराचे दोर कापले जातात. ग्रंथकर्ता व्यापारी होता, त्याला निसर्गाचे कुतूहल मिरवायचे नव्हते. पाण्याचा रंग, त्याची चव, त्यात दिसणारे साप आणि तळाचा पोत या चार गोष्टींवरून जमीन किती जवळ आली हे ओळखायचे होते. याच ग्रंथात सुप्पारा, कल्लिएना आणि सेमुल्ला ही नावे येतात. ती म्हणजे सोपारा, कल्याण आणि चौल.

ही तिन्ही बंदरे आज मोठ्या जहाजांच्या कामाची नाहीत. त्यांच्या उतरणीला राजकीय कारणे पुष्कळ होती, पण खाड्यांमध्ये साचत गेलेला गाळ हे कारण त्या सगळ्यांखाली सतत काम करत होते. सह्याद्रीच्या उतारावरून पावसाळ्याच्या चार महिन्यांत माती वाहून येते, भरतीचे पाणी समुद्रातला बारीक चिखल आत ढकलते, आणि खाडीच्या शांत भागात दोन्ही बसतात. त्यावर तिवरे उगवतात, तिवरांची मुळे आणखी गाळ धरतात. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा हे जुने बंदर एक गाव होऊन राहिले होते.

किनारा नेहमी पुढेच सरकत आला असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणला जात होता, तेव्हा गाळाच्या थराखाली खैराची झाडे मुळांसकट उभी सापडली. जिथे आता भरतीचे पाणी असते तिथे कधी काळी जंगल होते. ते बुडाले आणि वर चिखल बसला. त्या चिखलानेच हवा आत येऊ दिली नाही आणि लाकूड टिकवले. गाळ बंदर गिळतो आणि तोच जुनी जमीन जपूनही ठेवतो, ही गोष्ट डॉकच्या मजुरांच्या कुदळींनी सर्वांत आधी उघड केली.

तळ पाहण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे दोरीला बांधलेला शिशाचा ओळंबा. दोरीवर वावांच्या खुणा असत. दोन्ही हात पसरल्यावर एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत जे अंतर होते ते एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. ओळंब्याच्या बुडाला खोबण असे आणि तिच्यात चरबी भरलेली असे. ओळंबा तळाला टेकला की चरबीला तिथली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई. खलाशी तो बोटांत चोळून बघत आणि नोंदवहीत खोलीशेजारी तळाचा प्रकार लिहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनमधील जॉन मॅक्लूर यांनी १७८०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली ती याच पद्धतीने. अशा हजारो नोंदींतून मुंबईसमोरच्या उथळ समुद्राचा आकार कागदावर आला. धुके असो की पावसाचा अंधार, पन्नास-साठ वावांवर वाळू लागली आणि पुढे चिखल लागत गेला की किनारा जवळ येतो आहे हे कप्तानाला कळे. बाहेरच्या बाजूला वाळू आणि आत चिखल हा क्रम असा का, हे मात्र पुढची पावणेदोनशे वर्षे कोणी सांगू शकले नाही.

शास्त्रज्ञांचे लक्ष तळाकडे वळले ते तारायंत्राच्या केबल समुद्रात टाकायच्या आल्या तेव्हा. डिसेंबर १८७२ ते मे १८७६ या काळात ब्रिटिश ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या महासागरांत फिरून ३६२ ठिकाणी तळ तपासला. त्यातून आलेल्या नमुन्यांवर जॉन मरे यांनी आयुष्य घातले आणि रेनार यांच्यासह १८९१ मध्ये खोल समुद्रातील गाळांवरचा पहिला सविस्तर ग्रंथ काढला. खोल समुद्रात पांढरट, पिठासारखा गाळ सापडतो. तो फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा असतो. हे जीव तळावर राहतात असे अनेकांना वाटत होते. मरे यांनी पृष्ठभागावर बारीक जाळी ओढली आणि तीच कवचे, जिवंत प्राण्यांसह, वरच्या उजेडाच्या पाण्यात दाखवून दिली. तळाचा गाळ हा बऱ्याच अंशी वरून पडतो, हे त्या दिवसापासून पक्के झाले. साडेचार-पाच हजार मीटरांच्या खाली चुना पाण्यात विरघळतो, म्हणून फार खोल भागात कवचे उरत नाहीत आणि तांबडी माती तेवढी राहते. ‘चॅलेंजर’ अरबी समुद्रात आले नाही. ते काम मुंबईच्या गोदीत १८८१ मध्ये बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ या लाकडी, चाकांच्या आगबोटीकडे आले. तिच्यावर काम केलेले शल्यवैद्य आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९०२ मध्ये ‘अ नॅचरलिस्ट इन इंडियन सीज’ हे पुस्तक लिहिले. खोल अरबी समुद्रातील प्राण्यांची पहिली चांगली ओळख त्यातून झाली.

उजेडाचे मोजमाप याच सुमारास सुरू झाले आणि त्याचे साधन ओळंब्याइतकेच साधे होते. १८६५ मध्ये इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी पोपच्या आरमारातील एका जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने सोडल्या आणि कोणत्या खोलीवर त्या दिसेनाशा होतात हे टिपले. सेकी तबकडी आजही वापरात आहे. उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना, अरबी समुद्राच्या मध्यभागी ती वीस-पंचवीस मीटरांपर्यंत दिसत राहते.

पाण्याचा निळा रंग कुठून येतो, या प्रश्नाचे उत्तर मुंबई बंदराशी जोडलेले आहे. लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचे मत होते की खोल समुद्राचा निळेपणा म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब. १९२१ मध्ये इंग्लंडला जाता-येताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भूमध्य समुद्राचा गर्द निळा रंग पाहिला आणि हे मत त्यांना पटेना. परतीच्या प्रवासात ‘नरकुंडा’ बोटीच्या कठड्याशी उभे राहून त्यांनी निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. ठरावीक कोनातून पाहिले की लोलक पृष्ठभागावरून परावर्तित होणारा उजेड अडवतो. आकाशाचे प्रतिबिंब असे पुसून टाकल्यावरही पाणी निळेच राहिले, किंबहुना अधिकच निळे दिसले. बोट मुंबई बंदरात पोचेपर्यंत त्यांनी टिपण तयार केले होते. त्यावर मुंबई बंदराचा पत्ता आणि सप्टेंबरची तारीख होती, आणि ते ‘नेचर’मध्ये त्याच वर्षी छापून आले. पाण्याचे रेणू निळा प्रकाश विखुरतात, हा त्यांचा मुद्दा होता. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते हा निळेपणाचा दुसरा आणि अधिक मोठा भाग नंतरच्या मोजमापांनी स्पष्ट झाला. विखुरण्याच्या याच विचारातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८चा रामन परिणामाचा शोध आणि १९३०चे नोबेल पारितोषिक आले. बोटीच्या डेकवर खिशात मावणारे साधन घेऊन केलेले हे निरीक्षण भारतीय समुद्रविज्ञानातल्या सर्वांत सुंदर प्रसंगांपैकी आहे.

निवळ पाण्यात तांबडा रंग पहिल्या दहा मीटरांतच संपतो. मग नारिंगी, पिवळा, हिरवा असे एकेक रंग गळत जातात आणि निळा सर्वांत खोल पोचतो. शंभर मीटरांवर पृष्ठभागाच्या उजेडाचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरतो. वनस्पतिप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, अन्न बनवायला साधारण तेवढा तरी उजेड लागतो. दोनशे मीटरांच्या खाली संधिप्रकाश असतो, हजार मीटरांनंतर उन्हाचा अंशही नसतो. चार हजार मीटर खोल समुद्रात सगळी हिरवाई वरच्या शंभर मीटरांत असते. खालच्या सगळ्या जिवांची भिस्त वरून पडणाऱ्या उष्ट्यावर.

या उष्ट्याचा परिणाम अरबी समुद्रात विलक्षण आहे, आणि तो लक्षात आला १९३३-३४ मध्ये. जॉन मरे यांना ख्रिसमस बेटावरच्या फॉस्फेटच्या खाणीतून बरीच संपत्ती मिळाली होती. त्यांनी ठेवलेल्या पैशातून ‘मबाहिथ’ हे इजिप्शियन जहाज अरबी समुद्राच्या मोहिमेवर निघाले. नेतृत्व सेमूर सेवेल यांच्याकडे होते. ते आधी भारताच्या प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक होते. नऊ महिन्यांच्या या मोहिमेत दिसले की सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांच्या पुढेपर्यंत पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. ओमानच्या बाजूला या थराला टेकणाऱ्या उतारावरून हिरवट चिखल वर आला तेव्हा त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येत होता आणि त्यात एकही जिवंत प्राणी नव्हता.

कारण असे की अरबी समुद्राला उत्तरेकडे दार नाही. अटलांटिक किंवा प्रशांत महासागरात ध्रुवाकडचे थंड, प्राणवायूने भरलेले पाणी खाली उतरून मधल्या थरांत येते. इथे आशियाची जमीन आडवी आहे. वर मात्र मान्सूनच्या कृपेने वनस्पतिप्लवकांचे पीक अफाट येते. ते मरून खाली पडू लागले की जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. प्राणवायू संपल्यावर काही जिवाणू नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. म्हणजे समुद्राचे खतच हवेत उडून जाते. जगात हे इतक्या मोठ्या प्रमाणावर घडते अशी फार थोडी ठिकाणे आहेत, आणि अरबी समुद्र त्यांत पुढे आहे.

१९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या जहाजांबरोबर भारतीय नौदलाची ‘किस्तना’ ही युद्धनौकाही तीत होती. त्या मोहिमेच्या पोटी १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. संस्थेचे ठाणे गोव्यात दोनापावला इथे झाले, आणि पश्चिम किनाऱ्याचा तळ पुन्हा नव्याने, या वेळी नळ्या आणि यारीने, तपासला जाऊ लागला.

तेव्हा खलाशांच्या चरबीला चिकटलेल्या त्या वाळूचा उलगडा झाला. किनाऱ्यापासून साधारण साठ मीटर खोलीपर्यंत आजच्या नद्यांचा बारीक चिखल आहे. त्यापलीकडे, भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, बाहेरच्या अर्ध्या भागात, शिंपल्यांचा चुरा, प्रवाळांचे तुकडे आणि माशांच्या अंड्यांसारखे चुन्याचे गोल कण यांची वाळू पसरली आहे. असे गोल कण फक्त उथळ, उबदार, उन्हाने भरलेल्या आणि लाटांनी हलत्या पाण्यात तयार होतात. साठ ते नव्वद मीटर खोलीवर आज तसे काहीच नाही. कणांचे वय काढले तेव्हा ते सुमारे नऊ ते बारा हजार वर्षे भरले. हिमयुग ओसरत असताना समुद्राची पातळी खाली होती आणि किनारा तिथे होता. समुद्र चढत आला तसा किनारा मागे सरला, नद्यांचा चिखल आतल्या बाजूला अडकून पडला, आणि ती जुनी पांढरी वाळू चिखल न पोचल्यामुळे उघडीच राहिली. मुंबईसमोर जुन्या नकाशांत ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणून दाखवलेले पठार याच वाळूचे आणि चुनखडीचे आहे. पन्नास वावांवर वाळू लागली की धीर येणारे कप्तान एका बुडालेल्या किनाऱ्यावरूनच जात होते.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरांवर असलेला आंग्रिया बँक हा उंचवटा कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जातो. आजूबाजूला समुद्र शेकडो मीटर खोल, पण या उंचवट्याचा माथा वीसेक मीटरांवर. नदीचा गाळ इथवर येत नाही, ऊन माथ्यापर्यंत पोचते, आणि म्हणून तिथे प्रवाळांची दाट वसाहत आहे. महाराष्ट्राच्या चिखली किनाऱ्यासमोर लक्षद्वीपची आठवण करून देणारा समुद्र आहे, हे अजून फार थोड्यांना ठाऊक आहे.

मार्च ते मे या काळात वारा पडलेला असतो, ऊन प्रखर असते आणि वरचे पाणी तीस अंशांच्या आसपास तापते. हे तापलेले हलके पाणी झाकणासारखे वर बसते. उजेड भरपूर, पण खाली साठलेले खत वर येत नाही. समुद्र निळाशार आणि जवळजवळ नापीक. जूनमध्ये सोमालियाच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्य वाऱ्याचा झोत सुरू होतो. तो सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरचे पाणी लोटून नेतो आणि त्याच्या जागी खालचे थंड, खतवलेले पाणी वर येते. ढग असूनही तिकडे समुद्र हिरवा होतो. हिवाळ्यात काय होते ते बराच काळ कोड्यात होते, कारण तेव्हा असा जोर नसतो आणि तरीही गुजरातसमोर प्लवक वाढलेले दिसतात. १९९६ मध्ये एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये त्याचे कारण मांडले. उत्तरेकडचा कोरडा, गार वारा पृष्ठभागाचे पाणी थंड आणि जड करतो. ते खाली बुडते आणि खालचे खत वर आणते. जानेवारीत आकाश निरभ्र असते, त्यामुळे उजेडाची उणीव नसते.

वर पिकलेले तळापर्यंत किती पोचते हे पाहण्यासाठी १९८६पासून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी अरबी समुद्रात हजारो मीटर खोलीवर नरसाळी टांगली. त्यांच्या खालच्या बाटल्या ठरावीक दिवसांनी आपोआप बदलत आणि वरून पडणारी धूळ, कवचे, विष्ठा गोळा करत. वर्षाच्या शेवटी बाटल्या ओळीने मांडल्या तेव्हा काही जवळजवळ रिकाम्या होत्या आणि काही भरलेल्या. भरलेल्या बाटल्या नैर्ऋत्य आणि ईशान्य मान्सूनच्या होत्या. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. जिथे ऊन कधीच पोचले नाही त्या काळोखातही वर्षातून दोनदा हंगाम येतो.

याच गाळात मान्सूनचा जुना हिशेब आहे. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स नावाचा फोरॅमिनिफेरा खालचे थंड पाणी वर आले की फार वाढतो. त्याची कवचे ज्या थरात जास्त, तो थर जोरदार मान्सूनच्या काळाचा. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटरच गाळ बसतो, म्हणून हातभर नळीत हजारो पावसाळे मावतात. अमेरिकेतील वॉरन प्रेल आणि इतरांनी असे थर मोजले. वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात मान्सून दुबळा होता आणि नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी आजच्याहून जोरदार होता, असे त्यातून निघाले. त्या काळी पृथ्वीच्या कक्षेतील फरकामुळे उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात अधिक ऊन मिळत होते. जमीन अधिक तापली, वारा वाढला, खालचे पाणी अधिक वर आले, प्लवक वाढले, कवचे पडली. उन्हातला तो बारीक फरक चिखलात असा उतरला आहे.

सिंधूने हिमालयाची माती आणून जो पंखा पसरला आहे तो पंधराशे किलोमीटर लांब आहे. त्यातला गाळ तपासण्यासाठी २०१५ मध्ये ‘जॉयडिस रेझोल्युशन’ या जहाजाने महाराष्ट्राच्या पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरांहून खोल पाण्यात तळाखाली अकराशे मीटरांपर्यंत छिद्र पाडले. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक धनंजय पांडे होते. त्यात एका प्रचंड दरडीचा थर लागला. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी भारताच्या किनारी उताराचा मोठा भाग कोसळून तळावर पसरला होता. तिला ‘नटराज’ हे नाव दिले आहे.

गाळ आणि उजेड यांचा मेळ माणसाच्या पदरात थेट पडतो तो केरळच्या किनाऱ्यावर. अळप्पुळाच्या आसपास पावसाळ्यात तळाचा चिखल ढवळून दाट लापशीसारखा होतो आणि लाटांचा जोर गिळून टाकतो. भोवती खवळलेला समुद्र, मधे काही किलोमीटर तळ्यासारखे शांत पाणी. मल्याळी लोक याला चाकरा म्हणतात. ऐन पावसात होड्या तिथे उतरतात आणि तारली, बांगडा, कोळंबी यांनी भरून येतात. मासळी वाढते ती मुख्यतः त्या दिवसांत वर आलेल्या खतवलेल्या पाण्यावर. चिखलाच्या बांधामुळे ते पाणी शांत राहते आणि होडीला वाट मिळते.

गेल्या काही दशकांत या व्यवस्थेत माणसाचा हात शिरला आहे. सिंधू एकेकाळी वर्षाला सुमारे पंचवीस कोटी टन गाळ समुद्राला देत असे. १९५५चा कोटरी बंधारा आणि १९७६चे तारबेला धरण यांच्यानंतर त्याचा अगदी थोडा अंश उरला, आणि तिचा त्रिभुज प्रदेश समुद्र खाऊ लागला. नर्मदेचा गाळही धरणांमागे अडतो. दुसरीकडे शेतातले खत आणि शहरांचे सांडपाणी किनाऱ्यावर येते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पश्चिम किनाऱ्यावर खालचे प्राणवायू नसलेले पाणी उथळ भागात चढते. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पाच-दहा मीटरांचा थर झाकण घालतो आणि हवा खाली मिसळू देत नाही. १९९९ मध्ये ही स्थिती इतकी तीव्र झाली की किनाऱ्याजवळच्या तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आढळला. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी ते मांडले, आणि अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा वायू मोठ्या प्रमाणात सुटतो हेही दाखवले.

उजेडाचेही तसेच. खोल पाण्यातले कंदीलमासे दिवसा प्राणवायू नसलेल्या काळोख्या थरात लपतात आणि अंधार पडला की वर चरायला येतात. सूर्य हेच त्यांचे घड्याळ. किनाऱ्याजवळची कितीतरी मासळीही उजेडाच्या तालावर हलते. होडीवर एलईडी दिव्यांची माळ लावली की रात्री ती दिव्याखाली जमते आणि लहान-मोठी सगळी एकदम उपसली जाते. कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा मासेमारीवर बंदी घातली. मागणी रास्तच होती. ज्या समुद्रात रात्र उरत नाही तिथे पिल्लांना लपायला जागा राहत नाही.

गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यासमोर, सत्तावीस-अठ्ठावीस मीटर खोल पाण्यात, १९९७पासून एक ठरलेले ठिकाण आहे. तिथे होडी थांबते, पाण्याच्या वेगवेगळ्या खोलींवरचे नमुने बाटल्यांत भरले जातात आणि त्यांतला प्राणवायू, नायट्रेट, हरितद्रव्य मोजले जाते. एप्रिलमध्ये पाणी तळापर्यंत हवेशीर असते. जूननंतर खालच्या बाटल्यांतला प्राणवायू उतरू लागतो, सप्टेंबरात तो संपतो, कधी त्या बाटलीचे झाकण उघडताच कुजका वास येतो, आणि डिसेंबरात प्राणवायू पुन्हा भरून येतो.